चहाच्या ढिगाला ताप कोण आणतं?

कांदा सोलताना सालीखाली काळी भुकटी दिसते ना? ती असते बुरशी, ॲस्परजिलस घराण्यातली. आई ती साल काढून फेकते, कांदा धुऊन घेते. आता गंमत ऐका. चीनच्या युन्नान प्रांतात याच घराण्यातल्या काळ्या बुरश्यांना चहाच्या पानांवर मुद्दाम वाढू देतात आणि तो चहा लोक मिटक्या मारत पितात! त्याचं नाव पुएर चहा.

झाड काही वेगळं नाही हं. मोठ्या पानांच्या ज्या जातीचा चहा आसामात पिकतो, तीच ही जात. आपल्या चहाचं पान चुरडलं, की पानातलीच रसायनं हवेतल्या ऑक्सिजनशी खेळतात आणि ते काळपट होतं. तिथे सूक्ष्मजीवांचं काही काम नसतं. पुएरचं पान मात्र आधी कढईत परततात, मळतात, उन्हात वाळवतात. खरी मजा त्यानंतर.

पूर्वी हा चहा घोड्या-खेचरांच्या पाठीवरून डोंगर ओलांडत तिबेटपर्यंत जायचा. सुटी पानं फार जागा खातात, म्हणून वाफ देऊन, दाबून त्यांच्या चकत्या किंवा विटा बनवायचे. चकती वर्षानुवर्षं ठेवली, की आपोआप मुरते आणि कडवट चव मऊ होते. पण इतकी वर्षं थांबायचं कोणी?

1973 साली कुनमिंग शहरातल्या चहा कारखान्यात यावर तोडगा निघाला. पानांचा भलामोठा ढीग रचायचा, त्यावर पाणी शिंपडायचं आणि झाकून ठेवायचं. बस्स! थोड्याच दिवसांत ढीग आतून तापतो, पार 50-60 अंश सेल्सिअसपर्यंत. चूल नाही, वीज नाही, मग ही उष्णता आली कुठून?

ती असते बुरश्या, यीस्ट आणि जिवाणूंची करामत. ओलावा मिळताच ते पानांवर ताव मारतात. अन्नाचं विघटन होताना उष्णता सुटते आणि ढिगाच्या पोटात ती कोंडून राहते. फार तापलं तर हे कामगारच मरतील! म्हणून माणसं अधूनमधून फावड्यानं ढीग उलटतात. दीड-दोन महिन्यांत हिरवट पानं गडद तपकिरी होतात आणि तुरट पदार्थ कमी होतात.

या उलाढालीत थिआब्राउनिन नावाचा तपकिरी पदार्थ भरपूर तयार होतो. 2019 साली चीनमधल्या संशोधकांनी उंदरांवर आणि माणसांवर प्रयोग केले. थिआब्राउनिनमुळे आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते, यकृत जास्त कोलेस्टेरॉल वापरून पित्ताम्लं बनवतं आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं, असं त्यांना दिसलं. म्हणून पुएर म्हणजे औषध झालं का? छे! आजोबांच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घ्यायच्या. आणि दह्यातले जिवाणू जिवंत पोटात जातात, तसं इथे होत नाही. उकळत्या पाण्यात बहुतेक सूक्ष्मजीव मरतात. आपण पितो ती त्यांनी मागे ठेवलेली कमाई.

हा चहा करायची पद्धतही न्यारी. बोथट सुईसारख्या हत्यारानं चकतीतून साधारण 7 ग्रॅम चहा सोडवायचा आणि झाकणाच्या छोट्या भांड्यात टाकायचा. उकळतं पाणी ओतायचं आणि लगेच फेकून द्यायचं. ही झाली पानांची आंघोळ! पुन्हा पाणी ओतून दहा-पंधरा सेकंदांत चहा गाळायचा. दूध नाही, साखर नाही. रंग लालसर काळा, वास ओल्या मातीचा. त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा चहा, असं आठ-दहा वेळा चालतं. दर खेपेला पानं जरा जास्त वेळ भिजू द्यायची.

एक सूचना: यातही कॅफिन असतं, ते झोप पळवतं. त्यामुळे हा चहा मोठ्यांसाठीच. आणि घरच्या चहापत्तीला बुरशी आली, तर ती सरळ कचऱ्यात! कारखान्यात ओल आणि ऊब यांवर सतत लक्ष असतं, आपल्या डब्यात नसतं.

तुमच्यासाठी कोडं: पुएरची ठरावीक चकती 357 ग्रॅमची असते. दर वेळी 7 ग्रॅम चहा घेतला आणि आंघोळीचं पाणी सोडून त्यातून आठ वेळा चहा काढला, तर एका चकतीतून एकूण किती वेळा चहा निघेल?

(उत्तर: 408 वेळा)