धारेला पाणी पाजताना

पोरांनो, काटोल रोडनं नागपूरबाहेर पडलं की थोड्याच वेळात जुनापाणी लागतं. तिथल्या माळावर दगडांची गोल रिंगणं आहेत, सुमारे 300. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यातली काही उकरली आणि 1879 साली त्यावर लिहिलं. ती आहेत फार जुन्या काळच्या माणसांची दफनं. मेलेल्या माणसाजवळ त्याच्या लोकांनी काय ठेवलं होतं? कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याचे लगाम. सगळं लोखंडाचं! माहुरझरीला तेच, टाकळघाट-खापाला तेच. कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर घट्ट बसावं म्हणून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या असायच्या. अशा पट्ट्यांची कुऱ्हाड ही विदर्भाची खास ओळख.

एवढं लोखंड यायचं कुठून? त्याचं उत्तर पेंच नदीकाठच्या नायकुंडला मिळालं. 1978 ते 1980 या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमाराची. मातीच्या वळणदार विटा, भात्याची हवा आत सोडणाऱ्या नळ्या, आणि धातूची मळी.

आता गंमत ऐका. लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. भात्याच्या हवेवर चालणारी मातीची भट्टी तिथवर पोचत नाही. मग लोखंड निघालं कसं? कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून नेतो. दगड तसाच घन राहतो, पण त्याचा धातू होतो. जो गोळा हाती येतो तो भोकाभोकांचा, मळीनं भरलेला. तो तापवायचा, घणाखाली घालायचा, मळी पिळून काढायची. पण असं लोखंड मऊ असतं. त्याची सुरी केली तर बांबू छिलताना धार वळते. त्यावर उपाय असतो चिमूटभर कार्बनचा.

म्हणून जंगलात न्यायची सुरी करायची तर आपले लोहार पहिल्यांदा भंगाराच्या दुकानात जातात आणि ट्रकच्या कमानीचा पाटा शोधतात. त्या पोलादात शंभर ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त कार्बन असतो. थोडं मँगनीजही असतं. ते कशाला? पोलाद थंड होताना धातूच्या आतला भागही कडक व्हावा म्हणून. आणि मँगनीजची खाण कुठं आहे? मनसरला, नायकुंडहून फार लांब नाही!

पाटा लाल करून राखेत पुरायचा, रात्रभर. सावकाश थंड झाला की मऊ पडतो, मग आरी आणि कानस चालते. आकारात फार कलाकुसर नको. पातं पंजाच्या रुंदीएवढं, साधारण 10 सेंटिमीटर. पाठ 4 मिलिमीटर जाड आणि सरळ, म्हणजे मागून लाकडाचा ठोकळा मारून जळण फाडता येतं. पातं आणि मुठीतली पट्टी एकाच तुकड्याची हवी, नाहीतर सुरी मुठीतून निसटते. सिनेमातल्या सुऱ्यांच्या पाठीवर करवतीचे दात असतात, ते माझ्या मते निव्वळ नखरे. रिव्हेटची भोकं आत्ताच पाडायची, पुढं ड्रिलसुद्धा हार मानेल.

आता भाता सुरू. तुम्ही जरा मागं सरका. पातं चेरीसारखं लाल झालं की लोहार त्याला लोहचुंबक लावून बघतो. चिकटत नाही! काऊन बरं? 770 अंशांच्या आसपास लोखंड आपलं चुंबकत्व सोडून देतं. आणखी थोडं तापवलं की अणूंची मांडणीही बदललेली असते. फळवाला संत्र्यांची रास लावतो ना, अगदी तशी ती मांडणी, आणि त्यातल्या फटी कार्बनचा अणू बसण्याइतक्या मोठ्या. सावकाश थंड केलं तर मांडणी परत पालटते, फटी लहान होतात आणि कार्बन हळूच बाहेर निघतो. पण आपण त्याला वेळच देत नाही. धारेचा भाग पाण्यात बुडवतो. चर्रर्र! कार्बन आतच अडकतो, सगळी मांडणी ताणली जाते आणि धार काचेसारखी कडक होते. यालाच पाणी पाजणं म्हणतात. कधीकधी 'टिच' असा आवाज येतो, मग समजायचं पातं तडकलं. म्हणूनच बरेच कारागीर पाण्याऐवजी तेल वापरतात.

पण कडक धार दगडावर पडली तर तिचा टवका उडेल. म्हणून लोहार पुढची क्रिया करतो, आणि तीच मला सगळ्यात आवडते. पाठीला उष्णता उरलेली असते. धारेवरची काजळी खरवडून तो नुसता बघत बसतो. उष्णता पाठीकडून धारेकडे सरकते आणि चकचकीत धातूवर रंग चढतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. ऑक्साइडचा पापुद्रा जाड होत जातो, म्हणून हे रंग बदलतात. पिवळा म्हणजे 200 अंशांच्या पुढं, निळा म्हणजे 300 च्या आसपास. धारेवर पिवळा आला की आख्खं पातं पाण्यात. निळ्यापर्यंत थांबलं तर धार मऊ होते. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, नुसते डोळे. पाठ मात्र मऊच राहते, त्यामुळे सुरी सहज मोडत नाही.

विदर्भातल्या काही जुन्या लोखंडी वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा तिथल्या लोहारांनाही धारेत कार्बन मुरवता येत होता, असं दिसलं.

मुठीला धावडा किंवा बाभूळ. दोन्ही चिवट, दोन्ही आपल्याकडची. तिला जवसाचं तेल चोळायचं. हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि लाकडावर पातळ थर धरतं. त्यावेळी ते उष्णताही सोडतं. म्हणून एक लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळत घाला.