टीपीयू म्हणजे काय? गूगलला स्वतःची चिप का बनवावी लागली?

एआयची चर्चा निघाली की चिपचा विषय येतो, आणि चिपचा विषय निघाला की एनव्हिडियाचं नाव येतं. पण तुम्ही गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी वाक्य टाकता किंवा फोनशी बोलून काही शोधता, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा एक वेगळीच चिप काम करत असते. तिचं नाव टेन्सर प्रोसेसिंग युनिट, म्हणजेच टीपीयू.

ही चिप तुमच्या लॅपटॉपमध्ये नसते आणि तिच्यावर विंडोज चालत नाही. एकच काम ती अफाट वेगाने करते, ते म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचा गुणाकार.

एआय म्हणजे शेवटी गुणाकारच

गणितात आकड्यांच्या एका ओळीला व्हेक्टर म्हणतात आणि आडव्या-उभ्या तक्त्याला मॅट्रिक्स. हे वाटतं तितकं अवघड नाही.

समजा, एका घराची यादी आहे: २ किलो तांदूळ, १ किलो डाळ, १ किलो साखर. दुकानात भाव आहेत ५०, १४० आणि ४५ रुपये. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले भाव, आणि मग सगळ्यांची बेरीज. बिल झालं २८५ रुपये. हा झाला दोन व्हेक्टरचा गुणाकार.

आता तीन घरांच्या याद्या आणि तीन दुकानांचे भाव घ्या. कोणत्या घराला कोणत्या दुकानात किती खर्च येईल, याचा तक्ता केला तर नऊ बिलं होतील. त्यासाठी २७ गुणाकार आणि १८ बेरजा लागतील. हा झाला मॅट्रिक्सचा गुणाकार.

एआय मॉडेलही हेच करतं. तुमचं वाक्य, आवाज किंवा फोटो आधी आकड्यांमध्ये बदलला जातो. मग मॉडेल जे ‘शिकलेलं’ असतं, त्या आकड्यांशी त्याचा गुणाकार होतो. या शिकलेल्या आकड्यांना ‘वेट्स’ म्हणतात. फरक इतकाच की इथे तीन घरं आणि तीन दुकानं नसतात. मोठ्या मॉडेलमध्ये अब्जावधी वेट्स असतात.

गूगलला धास्ती कशाची वाटली?

२०१३ मध्ये गूगलच्या इंजिनिअर्सनी एक हिशोब मांडला. लोकांनी दिवसातून फक्त तीन मिनिटं आवाजी सर्च वापरलं आणि त्यासाठी नव्या पद्धतीचं एआय मॉडेल चालवलं, तर काय होईल? उत्तर आलं की कंपनीची डेटा सेंटर्स दुप्पट करावी लागतील. सुविधा वापरायला फुकट होती, पण ती पुरवणं परवडणारं नव्हतं.

म्हणून गूगलने स्वतःची चिप बनवायला घेतली. साधारण १५ महिन्यांत ती तयार झाली आणि २०१५ मध्ये डेटा सेंटर्समध्ये बसवली गेली. बाहेरच्या जगाला मात्र ती मे २०१६ मध्ये कळली. त्याआधी, मार्च २०१६ मध्ये ‘गो’ या खेळात ली सेडॉलला हरवणाऱ्या अल्फागोमागेही टीपीयूच होते.

सीपीयू, जीपीयू आणि टीपीयूमध्ये फरक काय?

सीपीयू हा हरहुन्नरी कामगार आहे. हिशोब, टायपिंग, ब्राउझिंग अशी कोणतीही कामं तो करतो, पण एका वेळी थोडीच.

जीपीयू मुळात गेम्सच्या ग्राफिक्ससाठी बनला. त्यात हजारो छोटे कामगार एकाच प्रकारचं काम एकाच वेळी करतात. म्हणून तो एआयसाठीही उपयोगी ठरला.

टीपीयूमध्ये मॅट्रिक्सच्या गुणाकाराला ज्याची फारशी गरज नाही, ते बरंचसं काढून टाकलं आहे. वाचलेल्या जागेत गुणाकार-बेरीज करणारे घटक ठासून भरले आहेत. पहिल्या टीपीयूमध्ये २५६ बाय २५६ अशा जाळीत ६५,५३६ घटक होते. चिपचं घड्याळ सेकंदाला ७० कोटी ठोके देत होतं. प्रत्येक ठोक्याला प्रत्येक घटक एक गुणाकार आणि एक बेरीज करू शकत होता. म्हणजे जास्तीत जास्त वेग सेकंदाला सुमारे ९२ लाख कोटी क्रिया इतका होता.

स्लॅब टाकताना लागते तशी रांग

खरी गंमत मात्र घटकांच्या संख्येत नाही, त्यांच्या मांडणीत आहे.

घराचा स्लॅब टाकताना मजुरांची रांग आठवा. प्रत्येक मजूर घमेलं घेऊन खाली गेला आणि पुन्हा वर आला, तर दिवस संपेल पण स्लॅब होणार नाही. म्हणून रांग लावतात आणि घमेलं हातोहात पुढे जातं.

साध्या प्रोसेसरमध्ये आकडे पुन्हा पुन्हा मेमरीतून आणावे लागतात. गुणाकारापेक्षा या ये-जा करण्यातच जास्त वेळ आणि वीज जाते. टीपीयूमध्ये वेट्स आधीच जाळीत आपापल्या जागी बसवलेले असतात. नवे आकडे एका बाजूने आत येतात आणि एका घटकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात. वाटेत गुणाकार होतो, बेरीज पुढच्याकडे जाते आणि शेवटी तयार उत्तर बाहेर पडतं. मधल्या टप्प्यांवर मेमरीकडे जावं लागत नाही.

याला ‘सिस्टॉलिक ॲरे’ म्हणतात. हृदयाच्या आकुंचनाला सिस्टोल म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. ही कल्पना एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायझरसन यांनी १९७८ च्या सुमारास मांडली होती. तिला खरी बाजारपेठ मिळायला जवळपास चार दशकं लागली.

दुसरी युक्ती काटकसरीची. पहिला टीपीयू आठ बिटांच्या छोट्या पूर्णांकांवर काम करायचा. मॉडेल चालवताना दशांश चिन्हानंतरच्या बारीक अचूकतेची सहसा गरज नसते. आकडा लहान असला की जागा कमी लागते आणि वीजही.

२०१७ मध्ये गूगलच्या इंजिनिअर्सनी शोधनिबंधात दावा केला की त्या काळच्या सीपीयू आणि जीपीयूच्या तुलनेत टीपीयू १५ ते ३० पट वेगवान होता. दर वॅटमागे होणारं काम ३० ते ८० पट होतं.

एका चिपचं कुटुंब झालं

पहिला टीपीयू शिकलेलं मॉडेल फक्त चालवू शकत होता. २०१७ च्या दुसऱ्या पिढीपासून मॉडेलला शिकवण्याचं कामही टीपीयूवर होऊ लागलं. २०१८ च्या तिसऱ्या पिढीत उष्णता इतकी वाढली की थंड करायला हवेऐवजी द्रव वापरावा लागला. त्याच वर्षी गूगलने क्लाउडवर टीपीयू भाड्याने द्यायला सुरुवात केली. एप्रिल २०२५ मध्ये सातवी पिढी, ‘आयर्नवूड’, जाहीर झाली. तिच्यात ९,२१६ चिप्स एकत्र जोडून एकच यंत्रणा उभी करता येते.

मग सगळे टीपीयूच का वापरत नाहीत?

कारण वेगाची किंमत मोजावी लागते. मॅट्रिक्सच्या चौकटीत न बसणाऱ्या कामात ही चिप मागे पडते. शिवाय एनव्हिडियाकडे ‘कुडा’ हे सॉफ्टवेअर २००७ पासून आहे. जगभरातले प्रोग्रॅमर त्यावर तयार झाले आहेत, त्यामुळे तिथून हलणं सोपं नाही. तरीही ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि मेटा यांनी आपापल्या एआय चिप्स बनवल्या आहेत. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहणं कुणालाच नको आहे.

आपल्याशी याचा संबंध काय?

पहिला मुद्दा विजेचा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का डेटा सेंटर्सनी वापरली, आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल. प्रत्येक गुणाकारामागे किती वीज लागते, हा प्रश्न म्हणूनच फक्त इंजिनिअरचा राहिलेला नाही.

दुसरा मुद्दा चिप कुणाच्या हातात आहे याचा. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यावर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला, हे आपल्याला माहीत असतं. पण त्यातले प्रोसेसरही ब्रिटिश कंपनीचे होते. सी-डॅकच्या ‘परम सिद्धी-एआय’मध्येही एनव्हिडियाच्याच चिप्स आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एआय चिप्सच्या निर्यातीवर नवे नियम आणले. विनासायास चिप्स मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नव्हता. मे महिन्यात ते नियम मागे घेतले गेले, पण तो निर्णयही वॉशिंग्टनमध्येच झाला. मराठीसाठी एआय मॉडेल इथे कुणी बनवायचं ठरवलं, तर भाषा आपली असेल आणि माणसंही आपली असतील. गुणाकार करणारी चिप मात्र आज तरी बाहेरूनच आणावी किंवा भाड्याने घ्यावी लागेल.