दाढेतील अदृश्य तडा : निदान आणि आपली मर्यादा

चावताना दाढेतून कळ येते, पण नेमकी कोणती दाढ ते सांगता येत नाही. कीड दिसत नाही, हिरडी सुजलेली नाही, क्ष-किरण चित्रही निर्दोष, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. आपण बहुधा वातज शूल समजून लवंग तेलाचा बोळा व वेदनाशामक देतो. औषधालयातून तर हाच उपचार महिनोन्‌महिने परस्पर चालू राहतो. यांपैकी काहींच्या दाढेला तडा गेलेला असतो आणि वेदना दबलेली असताना तो मुळाकडे सरकत राहतो. आमच्याच एका रुग्णाची दाढ अशा तीन महिन्यांच्या उपचारानंतर भाकरी खाताना दुभंगली व काढावी लागली. त्या अनुभवातून हा लेख लिहीत आहोत.

शास्त्रविचार

सुश्रुतांनी निदानस्थानाच्या १६व्या अध्यायात आठ दंतरोग सांगितले आहेत. त्यांतील दालनात दात फुटत असल्यासारखी तीव्र वेदना असते व ती वातजन्य मानली आहे. भंजनकात दात प्रत्यक्ष भंग पावतो. आजचा तडा म्हणजे दालनच, असा आमचा दावा नाही. मात्र हे दोन्ही रोग श्यावदंतकासह असाध्य गणले आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कॅमेरॉन या दंतवैद्यांनी १९६४ साली या लक्षणसमूहास ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव दिले. चावताना तड्याच्या दोन्ही बाजू किंचित विलग होतात आणि दाब सुटताच पुन्हा मिटतात. त्यामुळे आतील सूक्ष्म नलिकांमधील द्रव हलतो व दंतमज्जेतील संवेदना जागृत होते. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसल्याने हाडाप्रमाणे हा तडा सांधला जात नाही.

निदान

रुग्णास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. कळ चावताना येते की चावणे सोडताना? थंड पाण्याने ठणकते काय? सुपारी, बर्फ, चिक्की असे कठीण पदार्थ फोडण्याची वा झोपेत दात खाण्याची सवय आहे काय? दाब सोडताना येणारी तीक्ष्ण कळ ही विशेष सूचक खूण होय. खालच्या दाढा व मोठे फिलिंग असलेल्या दाढा अधिक संशयास्पद मानाव्यात.

कापसाची गुंडाळी एकेका दाढेवर ठेवून हळुवार चाववून पाहावे. बारीक विजेरीचा प्रकाश बाजूने टाकल्यास तो तड्यापाशी अडतो व पलीकडचा भाग काळोखा दिसतो. वरवरच्या रेषांतून मात्र प्रकाश पार जातो. तडा बहुधा पुढून मागे, म्हणजे फिल्मला समांतर जात असल्याने क्ष-किरण चित्रात उमटत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांवर विसंबू नये. हिरडीलगत एकाच जागी अरुंद व खोल कप्पा आढळल्यास तडा मुळापर्यंत गेल्याचा संशय घ्यावा. प्रत्येक उंचवट्याची स्वतंत्र चाचणी व रंगद्रव्याची तपासणी दंतवैद्यांकडे होते.

चिकित्सा

चिकित्सा तड्याच्या खोलीवर अवलंबून असते. केवळ उंचवटा तुटला असेल तर तो भरून वा कॅप बसवून दुरुस्त होतो. दंतमज्जा निरोगी असल्यास कॅपने दाढ बांधून ठेवतात. ती बाधित असल्यास आधी रूट कॅनाल करावे लागते. दाढ दुभंगल्यास अथवा मूळ उभे चिरल्यास ती बहुधा काढावीच लागते. दात खाण्याची सवय असणाऱ्यास रात्री लावण्याचे संरक्षक साधन देतात.

आपले कर्तव्य

सुश्रुतांनी दंतरोग्यास आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न व अतिकठीण भक्ष्य वर्ज्य सांगितले आहे. हे पथ्य येथे तंतोतंत उपयुक्त ठरते. गंडूषाने वा लवंग तेलाने मात्र तडा बुजत नाही. तीव्र लवंग तेलाने तोंडातील त्वचा भाजते, शिवाय त्यातील युजेनॉल रेझिनच्या फिलिंगच्या घट्ट होण्यात अडथळा आणते. ते लावले असल्यास दंतवैद्यांना तसे कळवावे.

औषधविक्रेते बंधूंना विनंती, की त्याच दाढेसाठी दुसऱ्यांदा वेदनाशामक मागणाऱ्यास दंतवैद्यांकडे पाठवावे. सूज, ज्वर अथवा तोंड उघडण्यास त्रास असल्यास त्याच दिवशी पाठवावे. असाध्य काय ते ओळखणे हे वैद्याचे कौशल्यच आहे. आपण वेळेवर लिहिलेली एक चिठ्ठी रुग्णाची दाढ वाचवू शकते.