विलंबाने वाढणारी मुले आणि त्यांचे पालक

मुलाचे वजन व उंची वाढते, ती शरीराची वाढ होय. ती काट्यावर आणि पट्टीवर मोजता येते. मान सावरणे, वस्तू पकडणे, हाकेला ओ देणे, चालणे, बोलणे या शक्ती मुलाच्या अंगी क्रमाक्रमाने येत जातात, त्याला विकास म्हणतात. बहुतेक मुले तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान सावरतात, आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत आधारावाचून बसतात आणि दीड वर्षाची होईपर्यंत चालू लागतात. एखाद्या मुलाच्या बाबतीत हे टप्पे पुष्कळच लांबले, तर त्याला विकासविलंब झाला आहे असे समजले जाते.

या विलंबाची कारणे अनेक आहेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्रसूतीच्या वेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, गुणसूत्रांतील दोष, बहिरेपणा, जन्मजात थायरॉइडची उणीव ही त्यांपैकी काही होत. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी, विशेषतः कानांची व डोळ्यांची तपासणी, करून घेणे अगत्याचे असते. थायरॉइडच्या उणिवेवर जन्मानंतर लगेच औषध सुरू केले, तर पुढची मोठी हानी टळते. परंतु आपल्याकडे पुष्कळदा ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणून वर्ष-दोन वर्षे वाट पाहिली जाते. आणि विलंब लपेनासा झाला, म्हणजे आईने गरोदरपणी ग्रहण पाहिले असेल, असा ठपका तिच्यावर ठेवला जातो. पहिल्या गोष्टीने मुलाचा मोलाचा काळ वाया जातो. दुसरीने, त्याला शिकवू शकणाऱ्या व्यक्तीचेच मन खचते.

पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडण अतिशय वेगाने होत असल्यामुळे या काळात मिळालेल्या शिक्षणाचा लाभ अधिक होतो. आता तज्ज्ञाकडे मूल आठवड्यातून फार तर दोन-तीन तास असते. उरलेला सर्व वेळ ते घरी असते. तेव्हा तज्ज्ञाने आपले कौशल्य पालकांच्या हाती दिले, तर अंघोळ, जेवण, कपडे घालणे या नित्याच्या प्रसंगांतूनच शिक्षण चालू राहील, या विचारातून पालक-प्रशिक्षणाची पद्धती उदयास आली.

या पद्धतीचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील पोर्टेज या गावी 1969 मध्ये सुरू झाला. तो ग्रामीण भाग असल्याने अंतरे मोठी होती आणि लहान मुलांना रोज एका वर्गात आणणे शक्य नव्हते. म्हणून शिक्षिकाच आठवड्यातून एकदा, सुमारे दीड तास, मुलाच्या घरी जाऊ लागली. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या कौशल्यांची एक क्रमवार सूची तिच्याजवळ असे. मुलाला काय येते हे त्या सूचीवरून पाहून, जे आठवड्याभरात साधण्याजोगे आहे असे एक ते तीन पाठच ती निवडी. पाठ कसा द्यावा हे ती आधी करून दाखवी. मग आई तो तिच्यादेखत देई. आणि काय जमले, कोठे अडले हे शिक्षिका सांगे. आठवडाभर आई रोज नोंद ठेवी. पुढच्या भेटीत पाठ साधला नाही असे दिसले, तर दोष मुलाचा किंवा आईचा न मानता पाठाचेच आणखी लहान तुकडे केले जात.

हे तुकडे कसे करतात, ते एका साध्या उदाहरणावरून कळेल. मुलाला चड्डी घालण्यास शिकवावयाचे आहे. आई चड्डी पायांत घालून कंबरेपर्यंत आणते आणि शेवटचे थोडेसे ओढणे मुलावर सोपवते. प्रथम त्याच्या हातांवर आपले हात ठेवून ती ते करवून घेते व लगेच त्याचे कौतुक करते. मग आधार हळूहळू काढून घेतला जातो. ते जमल्यावर मुलाला मांड्यांपासून, नंतर गुडघ्यांपासून चड्डी ओढावी लागते. शेवटाकडून आरंभाकडे असे शिकवल्याने प्रत्येक खेपेस काम पुरे केल्याचे समाधान मुलाला मिळते. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. आईला लिहिता येत नसेल, तर भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या तरी नोंद होते.

भारतात या पद्धतीला अनुकूल अशी व्यवस्था 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांमुळे निर्माण झाली. 1984 मध्ये सिकंदराबाद येथे बौद्धिक अपंगत्वासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. 1987 मध्ये तिरुवनंतपुरम येथे बालविकास केंद्र सुरू झाले. तेथे तयार झालेल्या केवळ 17 टप्प्यांच्या तक्त्यावरून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची प्राथमिक पाहणी साधी कार्यकर्तीही करू शकते. 2013 मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासविलंबाचा समावेश असून, अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे.

तज्ज्ञांची संख्या अपुरी असताना हे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न उरतोच. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्वमग्नता असलेल्या 65 मुलांचा समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण व देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांनी काही पालकांना सुमारे सहा महिने मार्गदर्शन केले. मुलाचे लक्ष जेथे आहे तेथेच आपले लक्ष नेऊन बोलण्याचे प्रमाण या पालकांमध्ये वाढले, आणि मुलेही त्यांच्याशी आपण होऊन अधिक वेळा संवाद साधू लागली. मात्र सर्वच बाबतींत सुधारणा दिसली नाही. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा काळ उलट कमी झाला. अशा उपक्रमांकडून काय अपेक्षावे व काय अपेक्षू नये, याचा बोध या निष्कर्षांवरून होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आईला शिक्षिका करताना तिच्या डोक्यावरील ओझे वाढवून चालणार नाही. जिला पाणी भरणे, स्वयंपाक व शेतावरची मजुरी चुकलेली नाही, तिला रोज दोन तासांचा पाठ सांगणे व्यर्थ होय. पाठ तिच्या कामांतच गुंफला पाहिजे. वडील, आजी, थोरली भावंडे यांनाही वाटा उचलावयास लावला पाहिजे. समदुःखी पालकांच्या बैठकांचा उपयोगही मोठा असतो. आपले मूल जगावेगळे नाही, हे तेथे न सांगता कळते.

पालक-प्रशिक्षणाने प्रत्येक मूल इतरांच्या बरोबरीला येईल, असे आश्वासन कोणी देऊ नये, आणि कोणी दिल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. काही मुले पुष्कळ पुढे जातात, काहींची प्रगती संथ राहते. परंतु जे मूल आपल्या हाताने घास घेते, तहान लागल्याचे खुणेने सांगते आणि चड्डी स्वतः वर ओढते, त्याचा व त्याच्या आईचा दिवस पूर्वीपेक्षा सुकर झालेला असतो. पुढचा पाठ तेथूनच सुरू करावयाचा असतो.