एकटा उरलेला नायक : यशवंत घाडगे



नरखेड स्टेशनावरून लष्कराच्या गाड्या जाताना आपण सारेच पाहतो. आपल्याच जिल्ह्यात कामठीला गार्ड्स पलटणीचे केंद्र आहे, त्यामुळे फौजी माणूस आपल्याला नवा नाही. पण लढाईत पडलेल्या जवानाची हकिकत पुरती कोणी सांगत नाही. म्हणून या अंकात एका जवानाविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. तो आपल्या तालुक्याचा नव्हे, कोकणातला आहे.

नायक यशवंत घाडगे. जन्म 16 नोव्हेंबर 1921, गाव माणगाव तालुक्यातले पळसगाव-आंब्रेवाडी. तो जिल्हा तेव्हा कुलाबा होता, आता रायगड. कोकणात भाताच्या खाचरांवर घर भागत नसे. एक भाऊ मुंबईच्या गिरणीत आणि दुसरा पलटणीत, अशी पुष्कळ घरांची रीत होती. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत पंचवीस लाखांच्या आसपास माणसे होती, आणि सक्तीची भरती नव्हती. यशवंतराव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते.

1944 च्या उन्हाळ्यात ही बटालियन इटलीत होती. रोम जूनमध्ये पडले होते आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटत होत्या. पण त्या नुसत्या पळत नव्हत्या बरं का. प्रत्येक डोंगरावर मशीनगन मांडून त्या वाट अडवीत होत्या.

10 जुलै 1944. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंतरावांच्या कंपनीने शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. त्यांच्या हाताखाली एक सेक्शन होते. सेक्शन म्हणजे दहाएक माणसे, आपल्या ऊसतोडीच्या टोळीएवढी समजा, आणि नायक तिचा मुकादम. फार जवळून मशीनगन सुरू झाली. काही जण जागीच गेले, काही जखमी होऊन पडले. उभे राहिले एकटे यशवंतराव.

मागून कोणी येणार नाही हे त्यांना ठाऊक होते. तरी ते थेट मशीनगनवर धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा, दोन्ही निकामी केले. मग टॉमीगनने आणखी एकाला पाडले. तेवढ्यात गोळ्या संपल्या आणि दुसरे मॅगझिन चढवायला उसंत नव्हती. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणून ठार केले. ठाणे मोडले, पण दुरून नेम धरून बसलेल्यांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तिथेच पडले. वय बावीस.

2 नोव्हेंबर 1944 च्या लंडन गॅझेटात त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यात याहून मोठे शौर्यपदक नव्हते. पुढे 1945 साली दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते पदक त्यांच्या पत्नीच्या हाती दिले. त्या बाईंना त्या क्षणी काय वाटले असेल, ते आम्ही लिहू धजत नाही.

आता कोणी विचारील, अहो, हा तर इंग्रजांचा शिपाई. दोनच वर्षे आधी, 16 ऑगस्ट 1942 ला, शेजारच्या आष्टीत इंग्रजांच्याच पोलिसांनी आपल्या माणसांवर गोळ्या चालविल्या होत्या. प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आम्हाला वाटते, राज्य कोणाचे होते याचा हिशेब राज्यकर्त्यांकडे मागावा. बावीस वर्षांच्या पोराकडे मागू नये. शिवाय त्याच्यासमोर होती ती हिटलरची फौज. आष्टीच्या हुतात्म्यांना हात जोडणारा माणूस यशवंतरावांनाही हात जोडू शकतो. कोणाला पटणार नाही, तर त्यांनी आम्हाला जरूर लिहावे.

त्यांची ओळखीची कबर नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. इटलीच्या त्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक हिंदी सैनिक कामी आले. जुलै 2023 मध्ये तिथल्या मोन्तोने गावाने यशवंतरावांच्या नावाने स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे बोधवाक्य त्यावर आहे. ज्यांच्या डोंगरात लढाई झाली, त्या गावकऱ्यांनी एवढ्या वर्षांनी ही आठवण धरली.

इकडे माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. आपल्या भागातून रायगड किल्ला पाहायला मंडळी जातात. मुंबई-गोवा रस्त्याने गेलात तर माणगाव वाटेतच लागते. गाडी थोडी थांबवा आणि पुतळ्याजवळ जाऊन या.