गोदावरीच्या शिंपल्याचे बालपण

गोदावरीचे किंवा मांजरेचे पाणी ओसरले की काठच्या ओल्या गाळावर काडीने ओढल्यासारखी एक रेघ दिसते. तिच्या टोकाशी उकरले असता काळसर शिंपला हाती लागतो. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही त्यांतील सर्वपरिचित जात. मांसल पाय गाळात रोवून तो अर्धाअधिक पुरलेला असतो आणि पाणी गाळून त्यातील सूक्ष्म शेवाळावर जगतो.

कोकणच्या खाड्यांत वाळूत पुरून राहणाऱ्या तिसऱ्यांचे प्रजनन उघड्या पाण्यात होते. नर शुक्रबीजे व मादी अंडी पाण्यात सोडते. अळ्या काही काळ तरंगतात आणि मग तळाशी बसतात. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील आर. नागभूषणम व यू. एच. माने यांनी १९७० च्या दशकात रत्नागिरीच्या अशा शिंपल्यांचा अभ्यास केला होता. समुद्र नसलेल्या प्रदेशातील विद्यापीठाने हे काम करावे, याचे कौतुक वाटते.

नदीत मात्र ही रीत चालत नाही. तरंगती अळी प्रवाहाबरोबर वाहून जाईल. म्हणून नराने सोडलेली शुक्रबीजे मादी श्वासाच्या पाण्याबरोबर आत ओढते. फलित अंडी तिच्या कल्ल्यांतच वाढतात. कल्ले हाच तिचा पाळणा. तेथून बाहेर पडते ती ग्लोकिडियम नावाची अळी. तिचे दोन इवले शिंपले नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसतात. जवळून मासा गेला की ती त्याच्या कल्ल्यांना वा परांना चिमटा घेऊन चिकटते. माशाची त्वचा तिच्याभोवती वेष्टन तयार करते. त्यात तिचे रूपांतर पुरे झाले की लहानगा शिंपला सुटून गाळात पडतो. मासा न मिळालेल्या अळ्या मरतात. आणि त्यांचीच संख्या प्रचंड असते.

म्हणजे शिंपल्याचा वंश माशाच्या येण्याजाण्यावर अवलंबून आहे. बंधाऱ्याने माशाची वाट अडली, वाळू उपशाने तळ खरवडला गेला, तर हे चक्र तुटते. पाणी आटल्यावर शिंपला मिटून ओल्या गाळात काही काळ तग धरतो. पण २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा वर्षी ओल तरी किती उरणार?

प्रौढ शिंपले अनेक वर्षे जगतात. त्यामुळे ते दिसले म्हणून सारे ठीक आहे, असे मानणे घाईचे ठरेल. नदीकाठी राहणाऱ्यांनी नखाएवढे शिंपले शोधावेत. मोठे भरपूर आणि लहान एकही नाही, असे आढळल्यास त्या पात्रात मासा पोहोचतो का, हे आधी पाहावे.