वेल्सचा आयस्टेद्वोद आणि सागरापारचे लेखक

ब्रिटनच्या पश्चिमेस डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेला वेल्स हा देश क्षेत्रफळाने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा आहे. लोकसंख्या सुमारे एकतीस लाख. इंग्रजीसारखी बलाढ्य भाषा उंबरठ्यावर नव्हे, तर घरातच नांदत असताना या देशाने आपली प्राचीन वेल्श भाषा टिकवून धरली आहे. परंतु हे टिकवणे सोपे गेलेले नाही. १९११ च्या जनगणनेत तेथील ४३.५ टक्के लोक वेल्श बोलणारे होते. २०२१ मध्ये हे प्रमाण १७.८ टक्क्यांवर आले. म्हणजे वेल्समध्ये आज जेमतेम साडेपाच लाख लोक ही भाषा बोलतात. एवढ्या लहान समाजात कविता, कादंबरी, निबंध यांचे लेखन दरवर्षी नव्या उमेदीने होत राहावे, आणि त्यात सात समुद्रांपलीकडे गेलेल्या वंशजांनीही भाग घ्यावा, यामागे एक जुनी संस्था आहे. तिचे नाव आयस्टेद्वोद.

या शब्दाच्या मुळाशी ‘बसणे’ हा अर्थ आहे. आपण गाण्याची ‘बैठक’ म्हणतो त्यात जी छटा आहे, तीच येथेही आहे. कवी व गायक यांनी एकत्र बसून आपली कला मांडायची आणि जाणत्यांनी तिचा निवाडा करायचा, असे या बैठकीचे मूळ स्वरूप होय.

एक वर्ष आधीची दवंडी

नोंद झालेला पहिला असा मेळावा ११७६ च्या नाताळात कार्डिगनच्या किल्ल्यात भरला. ऱ्हीस आप ग्रिफिद हा दक्षिण वेल्सचा अधिपती त्याचा यजमान होता. उत्कृष्ट कवीला एक आणि उत्कृष्ट वादकाला एक, अशा दोन खुर्च्या बक्षीस म्हणून ठेवण्यात आल्या होत्या. राजाच्या पंगतीत कवीला आसन मिळणे हा त्या काळी मोठाच मान होता. कवितेची खुर्ची उत्तरेकडील ग्विनेदच्या कवीने पटकावली आणि संगीताची यजमानाच्याच पदरी असलेल्या तरुणाने. वेल्श बखरीतील नोंदीनुसार या मेळाव्याची घोषणा एक वर्ष आधी केवळ वेल्समध्येच नव्हे, तर इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथेही करण्यात आली होती. परदेशातील प्रसिद्धी ही आधुनिक काळाची कल्पना आहे असे समजणाऱ्या आम्हां माहिती खात्यातील मंडळींनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे सोळाव्या शतकात कायरविस येथे १५२३ आणि १५६७ मध्ये भरलेल्या बैठकींना परवाना-परीक्षेचे रूप आले. अस्सल कवी कोण आणि कवी म्हणवून गावोगाव भिक्षा मागणारा कोण, हे ठरवून अधिकृत कवींना दाखले द्यावयाचे, असा तेथील खाक्या होता. त्यानंतर ही परंपरा क्षीण झाली. तिला पुन्हा बळ मिळाले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेही लंडनमध्ये स्थायिक झालेल्या वेल्श लोकांच्या मंडळाकडून. मायभूमी सोडून गेलेल्यांनीच मायभूमीतील उत्सवाला पैसा व शिस्त पुरवली, हे विशेष होय.

याच काळात योलो मोरगानुग या टोपणनावाच्या एका पाथरवटाने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर दगडांचे रिंगण मांडून ‘गॉरसेद’ नावाच्या कविमंडळाचा सोहळा केला. हा विधी प्राचीन ऋषितुल्य द्रुइडांपासून चालत आल्याचे त्याने सांगितले. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक सारे त्याच्या कल्पनेतून निघाले होते, हे विसाव्या शतकातील संशोधकांनी सिद्ध केले. परंतु तोवर विधी रूढ झाला होता, आणि लोकांनी तो सोडला नाही. पांढऱ्या, निळ्या व हिरव्या झग्यांतील कविमंडळ आजही मिरवणुकीने व्यासपीठावर येते. परंपरा खोटी ठरली तरी तिच्यावरील प्रेम खरे होते, एवढेच म्हणता येईल.

स्पर्धेची रीत

आजचा राष्ट्रीय आयस्टेद्वोद १८६१ मध्ये अबरडेअर येथे सुरू झाला आणि १८८० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमुळे स्थिर झाला. (आपले पहिले मराठी ग्रंथकार संमेलन त्याआधी दोन वर्षे, १८७८ मध्ये पुण्यात भरले होते.) तो ऑगस्टच्या आरंभी आठ दिवस चालतो आणि दरवर्षी स्थळ बदलतो, साधारणतः एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. ज्या भागाला यजमानपद मिळते, तेथील गावोगावच्या समित्या दोन वर्षे आधीपासून निधी जमवतात. विषय व परीक्षक ठरविण्यातही स्थानिकांचा वाटा असतो. महायुद्धाच्या आरंभी १९१४ मध्ये आणि साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये मैदानावरील मेळावा भरू शकला नाही. १९४० मध्ये तो आकाशवाणीवरून पार पडला.

आपल्या साहित्य संमेलनाहून याचा एक मोठा फरक आहे. संमेलनात अध्यक्षाचे भाषण हा केंद्रबिंदू असतो. आयस्टेद्वोदमध्ये केंद्रस्थानी असते ती स्पर्धा, आणि ती अनामिक असते. सुमारे वर्षभर आधी विषयांची छापील यादी प्रसिद्ध होते. छंदोबद्ध दीर्घ काव्यासाठी खुर्ची, मुक्त रचनेसाठी मुकुट, गद्यासाठी पदक, कादंबरीसाठी डॅनियल ओवेन या जुन्या कादंबरीकाराच्या नावाचे पारितोषिक, आणि त्याखेरीज लघुकथा, निबंध, अनुवाद, नाटुकले, विनोदी पद्य अशा अनेक लहान स्पर्धा तीत असतात. लेखकाने आपले लेखन टोपणनावाने धाडावयाचे आणि खरे नाव स्वतंत्रपणे मोहोरबंद द्यावयाचे, ही जुनी रीत. परीक्षकांना टोपणनाव तेवढे कळते.

खुर्चीची स्पर्धा सर्वांत कठीण. तिच्यातील काव्य ‘कंगहानेद’ नावाच्या बंधनात असावे लागते. ओळीच्या पूर्वार्धात व्यंजने ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ती उत्तरार्धात यावीत, किंवा ओळीच्या पोटात यमके साधावीत, असा हा नियम. आपल्याकडील वाचकास मोरोपंतांच्या आर्यांतील यमकप्रभुत्व आठवेल. येथे मात्र प्रत्येक ओळीवर असा पहारा असतो.

निकालाचा दिवस पाहण्यासारखा असतो. तीन परीक्षकांपैकी एकजण सर्वांच्या वतीने हजारो श्रोत्यांपुढे सविस्तर परीक्षण वाचतो. कोणाची भाषा सैल, कोणाची कल्पना उसनी, हे तो टोपणनाव घेऊन स्पष्ट सांगतो. अखेरीस विजेत्याचे टोपणनाव पुकारले जाते, तुतारी वाजते आणि अंधाऱ्या मंडपात कोणीतरी एक व्यक्ती उठून उभी राहते. (तिला निकाल आधी गुप्तपणे कळवलेला असतो, पण घरच्यांनाही न सांगण्याचा दंडक आहे.) मग अर्धवट उपसलेली तलवार धरून प्रमुख कवी ‘शांतता आहे ना?’ असे तीन वेळा विचारतो आणि सभा होकार देते. कोणीच पात्र नसेल तर खुर्ची त्या वर्षी रिकामी ठेवली जाते. असे अनेकदा घडले आहे. विजेती काव्ये व सर्व परीक्षणे यांचा ग्रंथ त्याच आठवड्यात विक्रीस येतो. हरलेल्या स्पर्धकाला आपण का हरलो हे छापील वाचावयास मिळते. शिक्षकांच्या दृष्टीने मला या साऱ्या व्यवस्थेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

नियमांचे पालन किती काटेकोर असते, याचे उदाहरण १९७६ चे. कार्डिगनच्या पहिल्या मेळाव्याला आठशे वर्षे झाली म्हणून त्या वर्षी उत्सव तेथेच होता. डिक जोन्स या शेतकरी कवीचे काव्य सर्वोत्कृष्ट ठरले. पण तो साहित्य समितीचा सदस्य असल्यामुळे त्यास अपात्र ठरवून खुर्ची दुसऱ्या क्रमांकाच्या अॅलन लुइड यांस देण्यात आली. त्यावरून पुष्कळ वादंग माजले. हाच डिक जोन्स २००८ मध्ये कविमंडळाचा प्रमुख झाला.

अनामिकता असली म्हणजे सर्वांना समान संधी मिळतेच असे नाही. मुकुट जिंकणारी पहिली स्त्री डिलिस कॅडवालडर ही १९५३ मध्ये, आणि खुर्ची जिंकणारी पहिली स्त्री मेरेरिद हॉपवुड ही थेट २००१ मध्ये पुढे आली. कंगहानेदचे शिक्षण प्रामुख्याने पुरुषांच्या मंडळांत होत असे. स्पर्धेचे दार उघडे असले तरी तेथवरचा रस्ता उघडा नव्हता.

१९१७ चा प्रसंग वेल्समध्ये कोणीही विसरलेले नाही. त्या वर्षी उत्सव इंग्लंडमधील बर्कनहेड येथे होता. ६ सप्टेंबर रोजी विजेत्याचे टोपणनाव पुकारले गेले, पण कोणीच उठले नाही. हेद विन या नावाने लिहिणारा मेंढपाळ तरुण कवी ३१ जुलै रोजी बेल्जियममधील रणभूमीवर मारला गेला होता. आपले काव्य त्याने फ्रान्समधील छावणीतून टपालाने पाठविले होते. खुर्चीवर काळे वस्त्र पसरण्यात आले. ती खुर्ची बेल्जियममधून आलेल्या एका निर्वासित कारागिराने घडवली होती, आणि आज ती कवीच्या शेतघरी जतन करून ठेवण्यात आली आहे.

परदेशी गेलेला उत्सव

वेल्श माणूस कोळशाच्या खाणींमागे आणि शेतजमिनीच्या शोधात जगभर गेला, आणि जाताना हा उत्सव त्याने बरोबर नेला. परंतु सर्वत्र फळ सारखे लागले नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या खाणप्रदेशात आयस्टेद्वोद जोरात भरत. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तर आंतरराष्ट्रीय आयस्टेद्वोद झाला. वृंदगायनाचे पहिले बक्षीस पाच हजार डॉलरचे होते, आणि दुसरे बक्षीस सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन गायकवृंदाने मिळविले. त्याचा संचालक इव्हान स्टीफन्स जन्माने वेल्श होता. थाट मोठा होता, पण तेथे हळूहळू गाणे राहिले आणि भाषा गेली. ऑस्ट्रेलियात तर हा शब्दच इंग्रजीत मुरला. शाळांमधील गायन, नृत्य व पाठांतर यांच्या कोणत्याही स्पर्धेला तेथे आयस्टेद्वोद म्हणतात, आणि त्यात भाग घेणाऱ्या मुलांना वेल्सची आठवण असेलच असे नाही.

तिसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेचे. आपली भाषा व धर्म निर्वेधपणे जपता यावा म्हणून मायकेल डी. जोन्स यांच्या प्रेरणेने सुमारे दीडशे वेल्श स्त्रीपुरुष ‘मिमोसा’ या जहाजाने लिव्हरपूलहून निघाले आणि २८ जुलै १८६५ रोजी अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया किनाऱ्यावर उतरले. तो प्रदेश ओसाड व अवर्षणग्रस्त होता. तेहुएल्चे या मूळ रहिवाशांनी त्यांना शिकार शिकवली आणि चुबूत नदीतून पाट काढून त्यांनी गहू पिकवला. गायमान, त्रेलेऊ, त्रेवेलिन ही गावे उभी राहिली. शाळा व पंचायतीचा कारभार आरंभी वेल्शमध्येच चाले. पुढे शाळांतून स्पॅनिश आली, वेल्सहून नवे लोक येणे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास थांबले, आणि १९५० नंतर तेथील आयस्टेद्वोदही बंद पडला.

वसाहतीच्या शताब्दीनिमित्त १९६५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, आणि यावेळी एक शहाणपणाचा निर्णय अमलात आला. आता त्रेलेऊ येथे दर ऑक्टोबरात होणाऱ्या या उत्सवात वेल्श व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांना स्थान आहे. वेल्श काव्याला खुर्ची, स्पॅनिश काव्याला मुकुट. शेजारच्या भाषेला हाकलून न देता आपल्या भाषेसाठी सर्वोच्च आसन राखून ठेवावयाचे, ही ती युक्ती. १९९७ पासून एका सरकारी योजनेद्वारे वेल्सहून शिक्षक तेथे जातात. २००१ मध्ये तेथील कविमंडळही पुनरुज्जीवित झाले.

खुद्द वेल्समध्ये धोरण याच्या उलट आहे. तेथे १९५० पासून व्यासपीठावर केवळ वेल्शच चालते. भाषा न जाणणाऱ्यांना कानाला लावण्याच्या यंत्रातून भाषांतर मिळते. ही दोन धोरणे परस्परविरोधी वाटतात. पण घरात जी सक्ती आवश्यक आहे, ती परमुलखात घातक ठरू शकते, असे मला वाटते. (लांगॉलेन येथे १९४७ पासून भरणारा आंतरराष्ट्रीय संगीत आयस्टेद्वोद हा वेगळा, तेथे सर्व देशांच्या वृंदांना आमंत्रण असते आणि १९५५ मध्ये पित्यासह आलेला तरुण पावारोत्ती तेथेच बक्षीस घेऊन गेला.)

परदेशस्थांसाठी राष्ट्रीय आयस्टेद्वोदमध्ये अनेक वर्षे स्वागतसमारंभ होत असे. मंडप उभा राहून टाळ्या वाजवी, डोळे पाणावत. त्यापेक्षा परिणामकारक गोष्ट मात्र विषयांच्या यादीत एका कोपऱ्यात छापलेली असते. जन्मभर पॅटागोनियात राहिलेल्या आणि अजूनही अर्जेंटिनातच असलेल्या व्यक्तींसाठी एक स्वतंत्र लेखनस्पर्धा तीत ठेवली जाते. चुबूतच्या खोऱ्यातील एखाद्या गृहिणीने किंवा शाळामास्तराने आपल्या भागाविषयी वेल्शमध्ये लिहावे आणि ते वेल्समधील परीक्षकाने गंभीरपणे तपासावे, अशी ही सोय. सत्काराने मान मिळतो. स्पर्धेने मुदत मिळते, वाचक मिळतो आणि चुका दाखवणारा मिळतो.

अशा देवाणघेवाणीतून काय घडू शकते हे आर. ब्रिन विल्यम्स यांच्या चरित्रात दिसते. वेल्समध्ये जन्मलेले विल्यम्स १९०९ मध्ये बालपणीच कुटुंबासह पॅटागोनियात गेले, तेथेच वाढले आणि १९२३ मध्ये परत आले. १९६४ च्या स्वान्सी येथील आयस्टेद्वोदमध्ये त्यांना खुर्ची मिळाली. काव्याचा विषय होता पॅटागोनिया. १९६८ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली, आणि १९७५ ते १९७८ या काळात ते गॉरसेदचे प्रमुख होते.